गडग्यावरचा आकडा

गडगेअण्णांना कुठलाही आकडा नुसता ऐकून घेता येत नसे. तुम्ही म्हणालात, की भाट्याच्या वाळूवर आज पुष्कळ माणसं होती, तर ते लगेच विचारणार, "कमीत कमी किती? जास्तीत जास्त किती?" तुम्ही गोंधळून म्हणालात, असतील पन्नास ते शंभर, की त्यांचा चेहरा निवळायचा. मग पंचाहत्तर होती की ब्याऐंशी, याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नसायचं. आकड्याला खालून आणि वरून कुंपण पडलं, एवढ्यावर ते समाधानी असत.

त्या कुंपणाला ते गडगा म्हणत. आमच्याकडे कलमांच्या बागेभोवती जांभ्या दगडांचा जो कमरेएवढा बांध रचतात, तो गडगा. खालचा गडगा आणि वरचा गडगा हे शब्द दिवसातून पन्नास वेळा तरी त्यांच्या तोंडी यायचे, आणि म्हणूनच रत्नागिरीत मांडवीच्या बंदराजवळच्या आमच्या मोजणीच्या कचेरीत त्यांचं खरं आडनाव पगाराच्या दिवसापुरतंच उरलं होतं. एरवी शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना गडगेअण्णा म्हणत. त्यांना ते आवडायचं, असा माझा समज आहे. निदान त्यांनी कधी तक्रार केली नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. खाडीच्या तोंडाशी वाळू साठते, तिथे ओहोटीला पाणी किती उरतं, हे मोजून नकाशे करायचं काम आमच्या कचेरीकडे होतं. होडीतली माणसं शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडून खोली मोजत आणि आम्ही दोघं कचेरीत बसून हिशेब करत असू. होडीतून मोजलेली खोली भरतीच्या पाण्याने वाढलेली असते. त्या वेळी भरती किती चढली होती, ते त्यातून वजा करायचं, की ओहोटीला उरणारी खरी खोली हाती येते. अण्णा पंचवीस वर्षं हेच करत आले होते. मी सव्वीस वर्षांचा, गणितात बरा, आणि तसं सगळ्यांना सांगत फिरणारा.

हिशेबाला अण्णांजवळ एक जुना स्लाइड रूल होता. ज्यांनी तो हाताळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर सरकवून गुणाकार-भागाकार करायचे ते साधन. झटपट चालतं, पण त्यात एक गोम आहे. अडीच, पंचवीस आणि अडीचशे हे तिन्ही आकडे त्यावर एकाच रेघेवर येतात. दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते पट्टी सांगत नाही, ते आपण डोक्यात धरून ठेवायचं असतं. पहिल्याच आठवड्यात मी एका दगडी धक्क्याचं वजन दहापट काढून ठेवलं. अण्णांनी माझा कागद लांब धरून पाहिला, कारण जवळचं त्यांना तेव्हाच दिसेनासं झालं होतं, आणि म्हणाले, "ह्या वजनाखाली अर्धी मांडवी खचेल रे. आधी गडगा घाल, मग आकडा सोड. चिन्ह म्हणजे मोकाट ढोर असतं."

तेव्हापासून आमची वाटणी ठरून गेली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि स्लाइड रूलवरच्या बारीक रेघा त्यांना धूसर दिसू लागल्या होत्या. म्हणून रेघ मी वाचायची. पण वाचण्याआधी ते डोळे मिटून तोंडी अंदाज घेत आणि कागदावर दोन मोठे आकडे लिहीत, एक खाली, एक वर. "तू वाच, गडगा मी घालतो," असं म्हणत. मी वाचलेला आकडा दोहोंच्या मध्ये बसला, की ते तो डोळे मिटून मान्य करत. नाही बसला, तर चिडत नसत. "पुन्हा मोजू," एवढंच म्हणत. मी वाचलेल्या आकड्याची त्यांनी आपल्या डोळ्यांनी शहानिशा कधी केली नाही, कारण त्यांना ती करताच येत नव्हती. हे मला तेव्हा अभिमानाचं वाटायचं.

खालच्या आळीत त्यांच्या घराच्या पडवीला लागून एक खोली होती, तिथे मी भाड्याने राहायचो. अण्णांना मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि काकू. काकू ठेंगण्या, हसऱ्या आणि अण्णांच्या गडग्यांना अजिबात न भिणाऱ्या होत्या. आमटीत मीठ किती घातलंस, असं अण्णांनी विचारलं, की त्या म्हणायच्या, "कमीत कमी चिमूट, जास्तीत जास्त चिमूट. गिळा आता." एकदा त्यांनी मला सांगितलं, की लग्न ठरवताना यांनी मुलीच्या उंचीलासुद्धा गडगा घातला होता, चार फूट दहा ते पाच फूट दोन.

"आणि तुम्ही किती निघालात?" मी विचारलं.

"चार फूट नऊ."

"मग?"

"मग काय, पुन्हा मोजायला लावलं. दुसऱ्यांदा माझ्या आईने मला अंबाडा उंच बांधायला सांगितलंन." पडवीत बसलेले अण्णा हे ऐकत होते. ते म्हणाले, "अंबाडा मला दिसला होता. पण मी मोजणारा नव्हतो, बघायला आलेला होतो." मग दोघंही बराच वेळ हसत राहिली. बत्तीस वर्षांच्या संसारात तो विनोद त्यांनी किती वेळा केला असेल, याचा गडगा मला घालता येणार नाही.

अण्णांची सगळ्यांत मोठी शिकवण मात्र मला त्यांच्याकडून नव्हे, इब्राहिमभाईंच्या एका चुकीतून मिळाली. इब्राहिमभाई खाडीकाठच्या राजिवड्याचे. तरुणपणी गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते, पुढे गुडघे गेले आणि आमच्या कचेरीत भरतीचा खांब वाचायला लागले. धक्क्याजवळ पाण्यात फूट आणि दशांश रंगवलेला एक खांब रोवलेला होता. दर दहा मिनिटांनी त्यावर पाणी कुठवर आलं ते बघून वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवशीची वही मी अण्णांना वाचून दाखवत होतो. सात पूर्णांक आठ. आठ. आठ. आठ. आठ. सात पूर्णांक नऊ.

"थांब," अण्णा म्हणाले. "पाणी अर्धा तास एका जागी उभं राहिलं?"

"भरती पुरी झाली असेल."

"भरती पुरी होताना पाणी संथ होतं, खिळा ठोकल्यासारखं थांबत नाही. इब्राहिमला बोलाव."

इब्राहिमभाई आले. अण्णांनी विचारलं, "खांब बुडाला होता काय?"

"व्हय अण्णा. पार बुडाला. टोकसुदा दिसंना."

"मग आठ कुठून आणलंत?"

"खांब आठाचाच हाय ना. त्याच्या वर आकडाच नाय. कायतरी लिवायला तर पायजे."

मला हसू आलं, पण अण्णा हसले नाहीत. इब्राहिमभाई गेल्यावर ते मला म्हणाले, की हा माणूस खोटं बोलला नाही, त्याने फक्त बाहेर गेलेला आकडा ओढून गडग्यावर आणून बसवलान. आकडा आतला असेल तर तो काही सांगतो. बाहेरचा असेल तर तोही सांगतो, की काहीतरी वेगळं घडलंय, उठा आणि बघा. पण ओढून गडग्यावर बसवलेला आकडा दिसतो आतल्यासारखा आणि सांगत काहीच नाही. पाणी खरं नऊ फूट चढलं असेल आणि आपण आठच वजा केले, तर नकाशात खाडीचं तोंड एक फूट जास्त खोल दिसेल. कोणीतरी तांडेल त्या भरवशावर ओहोटीला मचवा आत घालील आणि वाळूत बसवील. हे सगळं ते आवाज न चढवता बोलले.

साहेब पुण्याकडचे होते आणि त्यांना नकाशा मुंबईला धाडायची घाई होती. ते म्हणाले, "आठ धरा आणि संपवा हो. एवढ्यासाठी कोण थांबतंय?" अण्णा म्हणाले, "धरतो. मात्र खाली सही आपली असू द्या." साहेबांनी सही केली नाही. खांबाला वरून तीन फुटी फळी ठोकली आणि पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस सगळी कचेरी थांबली. त्या उधाणाला मोजणी पुन्हा केली, तेव्हा पाणी नऊ पूर्णांक एकपर्यंत गेलं. साहेब अण्णांशी महिनाभर नीट बोलले नाहीत. माझ्या मनात मात्र ओढून गडग्यावर बसवलेल्या आकड्याचं ते वाक्य पक्कं बसलं, आणि आपल्या हातून असं कधी व्हायचं नाही, अशी मी स्वतःची खात्री करून टाकली.

पुढच्या वर्षी गणपती गेल्यावर काकूंना ताप आला. आठ दिवसांनी डॉक्टरांनी विषमज्वर म्हणून सांगितलं. औषध मुंबईहून मागवलं होतं, ते चालू झालं. डॉक्टर सांगून गेले, की हा ताप वर चढेल, खाली येईल, त्याला भिऊ नका. पण एकशेचारच्या वर गेला तर मला कळवा, आणि सत्त्याण्णवच्या खाली उतरला तर त्याहून आधी कळवा. तिसऱ्या आठवड्यात ताप एकदम उतरून अंग गार पडलं, तर ते बरं होण्याचं लक्षण नसतं, आतड्यातून रक्तस्राव झालेला असतो.

अण्णांनी कचेरीतून चौकटींचा कागद आणला. आडव्या बाजूला दिवस, उभ्या बाजूला ताप. सत्त्याण्णव आणि एकशेचार या दोन आकड्यांवर त्यांनी लाल पेन्सिलीने आडव्या रेघा ओढल्या आणि कागद काकूंच्या खाटेशेजारच्या भिंतीला खिळ्याने अडकवला. काकू पडल्या पडल्या म्हणाल्या, "झालं, मलापण गडगा घातलानी." थर्मामीटरमधला पारा अण्णांना दिसणं शक्यच नव्हतं, निरोगी डोळ्यांनासुद्धा तो दोरा फिरवून फिरवून शोधावा लागतो. तेव्हा आमची कचेरीतलीच वाटणी घरात आली. मी वाचायचं, कागदावर ठिपका द्यायचा आणि मोठ्याने आकडा सांगायचा. एकशेदोन, एकशेतीन, शंभर. अण्णा खाटेच्या पायथ्याशी बसून ऐकत, आणि आकडा दोन लाल रेघांच्या मध्ये आहे असं कळलं की एक लांब श्वास सोडत. तेवढ्या श्वासावर ते पुढचे चार तास काढत असत.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी, आठच्या सुमारास, मी थर्मामीटर झटकून काकूंच्या काखेत लावला. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे दिसत होते. पाच मिनिटांनी काढला आणि खिडकीपाशी नेला. त्या थर्मामीटरवरची पहिली रेघ पंच्याण्णवची होती. पारा त्या रेघेपर्यंतही आला नव्हता. झटकल्यावर जिथे होता तिथेच, तळाशी, जागचा हललाही नव्हता. मला वाटलं, नीट लागला नसेल. पुन्हा लावला, काकूंचा हात मी स्वतः दाबून धरला. पुन्हा तेच.

"किती रे?" अण्णांनी विचारलं.

मी वळून पाहिलं. ते पायथ्याशी बसले होते. तीन आठवड्यांत त्यांची दाढी वाढली होती, आणि ते माझ्या दिशेने बघत होते. पण त्यांना मी दिसत नव्हतो, खिडकीतला उजेड आणि त्यात एक काळी आकृती दिसत असणार. काकूंचे डोळे अर्धवट उघडे होते. डॉक्टर आदल्या दिवशी तरीच्या होडीने खाडीपलीकडे पावसच्या बाजूला एका बाळंतिणीसाठी गेले होते आणि अजून परतले नव्हते. खाडीवर पूल नव्हता. आकडा सांगून या खोलीत कोणालाही काहीही करता येणार नव्हतं. हा विचार मी तेव्हा केला, की पुढे अनेक वर्षांत हळूहळू रचला, ते मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. एवढंच ठाऊक आहे, की माझ्या तोंडून आकडा निघाला.

"सत्त्याण्णव."

अण्णांनी लांब श्वास सोडला. मी लाल रेघेवर ठिपका दिला. तेवढ्यात काकूंनी मान किंचित वळवून विचारलं, "किती आला?"

"सत्त्याण्णव," अण्णा म्हणाले. "उतरला हो ताप तुझा."

"मग उद्या भात देतील?"

"देतील. मऊ भात."

"मेतकूट घाला थोडं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर पडलो आणि राजिवड्याकडे धावत सुटलो. इब्राहिमभाईंना गाठून सांगितलं, की पारा तळाशी आहे, डॉक्टरांना घेऊन या, तरीची वाट बघू नका, होडी काढा. ते पुतण्याला हाक मारून तसेच निघाले. मी घरी परतलो. दहाला थर्मामीटर लावला, पारा तळाशी होता, मी सत्त्याण्णव म्हणालो. अकराला पुन्हा लावला आणि पुन्हा सत्त्याण्णव म्हणालो. एकदा गडग्यावर बसवलेला आकडा तिथून उचलायचा कसा, ते मला समजेना. लाल रेघेवर तीन ठिपके एका ओळीत झाले.

बारा वाजायच्या सुमाराला काकू गेल्या. अण्णा पायथ्याशीच होते. डॉक्टर पाऊण वाजता आले, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, इब्राहिमभाई त्यांची बॅग घेऊन मागे. त्यांनी काकूंना पाहिलं, मग उभं राहून भिंतीवरचा कागद पाहिला. "सकाळी सत्त्याण्णव होता?" त्यांनी नवलाने विचारलं. "तीनदा?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी अण्णा म्हणाले, "हो. सत्त्याण्णव."

डॉक्टरांनी मान हलवली आणि म्हणाले, की अशा वेळी ते जवळ असते तरी फार काही करता आलं नसतं. डॉक्टर बहुतेक सगळ्यांनाच असं सांगतात. मला त्याचा काही उपयोग झाला नाही. मी अण्णांना फसवलं होतं. त्या चार तासांत त्यांना ठाऊक असतं, तर ते तिच्याशी काही बोलले असते, काही विचारलं असतं, निदान निरोप घेतला असता. बत्तीस वर्षांचा संसार, आणि शेवटच्या सकाळी मी त्यांना बाहेर ठेवलं. माझ्या डोळ्यांवर ज्याने डोळे मिटून भरवसा टाकला, त्याच माणसाला.

मी त्यांना सांगायचं पुष्कळदा ठरवलं. दिवस झाल्यावर सांगू, मग दिवाळीनंतर सांगू, असं करत गेलो. अण्णा पूर्वीसारखे कचेरीत येत, दोन मोठे आकडे लिहीत, मी रेघ वाचायचो आणि ते मान डोलवत. त्यांची ती डोलणारी मान मला बघवेना. पुढे मुंबईत एका संस्थेत आकडेमोडीचं नवं विजेचं यंत्र बसतंय आणि त्यावर काम करायला गणितातली माणसं हवीत, अशी जाहिरात आली. मी अर्ज केला आणि रत्नागिरी सोडली. बढती मिळाली म्हणून गेलो, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे पळून गेलो.

यंत्र एका मोठ्या खोलीएवढं होतं, आणि त्याला काय करायचं ते कागदी पट्टीवर भोकं पाडून सांगावं लागे. त्यात आकडे ठेवायची एक नवी तऱ्हा होती. आकड्यातले अंक एकीकडे ठेवायचे आणि दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते वेगळं टिपून ठेवायचं, म्हणजे फार मोठे आणि फार लहान आकडे सारख्याच जागेत मावतात. चिन्ह मोकळं तरंगतं, म्हणून त्यांना तरते आकडे म्हणत. मला ते ऐकताक्षणी स्लाइड रूल आठवला. पण तरता आकडा बघता बघता भलतीकडे जातो आणि मग पुढचं गणित अडतं. म्हणून आमच्या वरिष्ठांनी सगळ्यांसाठी एक ठरीव सूचना लिहून दिली होती: आकडा खालच्या मर्यादेच्या खाली गेला तर खालची मर्यादा धरा, वरच्या मर्यादेच्या वर गेला तर वरची धरा, आणि पुढे चला. यंत्राचा वेळ फार मोलाचा होता, ते थांबवायची परवानगी नव्हती. मी ती सूचना भोकं पाडून पट्टीवर उतरवायचो. दिवसातून कितीतरी वेळा.

पन्नासचं दशक संपत आलं तेव्हा मी एकदा मे महिन्यात रत्नागिरीला गेलो. अण्णा निवृत्त झाले होते. दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढून घेतला होता आणि बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा लावून ते पडवीत बसले होते. मला बघून उठले, पन्हं केलं, आणि बसल्याबरोबर यंत्राची चौकशी सुरू केली. किती लांब, किती रुंद, चूक करतं का. मी सांगत होतो आणि ते लहान मुलासारखे ऐकत होते.

"आणि आकड्याला गडगा?" त्यांनी विचारलं. "तो यंत्र घालतं, की तुम्ही?"

"आम्हीच घालतो."

"बाहेर गेला तर थांबतं ना?"

"नाही थांबत," मी म्हणालो. "आकडा ओढून गडग्यावर आणतं आणि पुढे जातं."

पन्ह्याचा पेला अण्णांनी खाली ठेवला. मग म्हणाले, "पुढच्याला कसं कळायचं, हा आकडा आपणहून तिथे आला, की कोणी आणून बसवला?"

"नाही कळत, अण्णा."

"हं," ते म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता, "तू सत्त्याण्णव म्हणालास ना, तेव्हा माझा हात तिच्या पावलावर होता."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"गार होतं रे पाऊल. पहाटेपासून गार पडत चाललेलं. डोळे गेले होते माझे, हात नव्हते गेले." मग ते उठून आत गेले आणि तो चौकटींचा कागद घेऊन आले. घडीवर फाटत आलेला होता. तो त्यांनी गुडघ्यावर पसरला. "खरा आकडा किती होता?"

इतकी वर्षं मी याच प्रश्नाला भीत होतो. "मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "पारा तळाशी होता. त्या थर्मामीटरवर पंच्याण्णवच्या खाली रेघच नव्हती. त्याच्या किती खाली, ते मलाही दिसलं नाही."

अण्णांनी मान हलवली. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी ते तीन ठिपके एका बारीक रेघेने खोडले आणि कागदाची पुन्हा घडी केली. दुसरं काही लिहिलं नाही.

"अण्णा, तुम्हाला कळलं होतं, तर मग तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं. "मला निदान विचारायचंत. डॉक्टरांनासुद्धा तुम्ही तेच सांगितलंत."

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने भिंगं पुसत राहिले.

"डॉक्टरांना सांगितलं तुझ्यासाठी," ते म्हणाले. "आणि सकाळी बोललो नाही, कारण ती जागी होती ना रे. भात मागत होती."